पिकअप घ्यायची आहे, भरल्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज सांगा

बगीचेवाला काटोल

नमस्कार मंडळी. काटोल तालुक्यात आमचा सात एकर संत्र्याचा बगीचा आहे, शिवाय चार एकरात सोयाबीन आणि तूर. आजवर माल भाड्याच्या गाडीनंच नागपूरच्या कळमना बाजारात जात आला. यंदा आंबिया बहार बरा लागलाय. मागच्या वर्षीच्या भाड्याची बेरीज केली तर घरात सगळे गप्पच झाले. धाकट्या भावाकडे परवाना आहे आणि तो घरीच आहे, म्हणून स्वतःची पिकअप घ्यायचं ठरवलं. शेजारच्या चार-पाच कास्तकारांचा मालही नेता येईल.

गावापासून कळमना ७० किलोमीटर. पहिले १२ किलोमीटर खड्ड्यांचे, पुढचा रस्ता बरा. बगीच्यापासून डांबरापर्यंत सव्वा किलोमीटर पांदण आहे. काळी माती असल्यामुळे पावसाळ्यात तिथं बैलही फसतो.

दोन शोरूम फिरलो. एकानं १८ चं अ‍ॅव्हरेज सांगितलं, दुसऱ्यानं २२ चं. बाबांनी विचारलं, "भरून की रिकामी?" दोन्हीकडे त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही. म्हणून इथं विचारतो. जे रोज चालवतात त्यांनी सांगावं. डिझेल घ्यावी, सीएनजी घ्यावी की छोटा हत्तीच (टाटा एस) बरा?

अकोटचा डायवर

भाऊ, तुमच्या बाबांनं बरोबर जागी बोट ठेवलं. मी सोळा वर्सं झाले पिकअप चालवतो, अकोट, अकोला, खामगाव. कंपनीचा आकडा खोटा नसते, पण तो तुमच्या रोडचा नसते. माही दीड टन पासिंगची, म्हंजे दीड टन माल नेणारी डिझेल गाडी भरून ११-१२ देते, रिकामी १५. हे पन्नास-पंचावन्नच्या स्पीडनं. तीच गाडी ऐंशीनं हाणली का भरून साडेनवावर येते. मालक बदलले, गाड्या बदलल्या, पण स्पीडचा हा हिशोब काही बदलला नाही.

अजून एक सांगतो. कापूस भरला का वजन कमी राह्यते, पण डाल्याच्या वर चार फूट थप्पी जाते. हवा अडते. तेव्हा दहा क्विंटल कापसाची गाडी पंधरा क्विंटल सोयाबीनच्या गाडीपेक्षा जास्त डिझेल पेते, समोरून वारा असला तं. तुमचे कॅरेट बसके राह्यतात, तुम्हाले तो तरास नाही.

हिंगणघाटकर

मी एका शेतकरी गटाचा वाहतुकीचा हिशेब पाहतो, म्हणून आकड्यांतच सांगतो. आपण सगळे लिटरला किती किलोमीटर ते विचारतो. शेतमालाला तो प्रश्न अर्धाच लागू होतो. विचारायचं ते हे की एक क्विंटल माल बाजारात पोचवायला किती लिटर लागलं.

तुमचं जाऊन-येऊन १४० किलोमीटर धरू. छोटी गाडी, साडेसात क्विंटलची, १८ चं अ‍ॅव्हरेज. खेपेला ७.८ लिटर लागलं, म्हणजे क्विंटलमागे १.०४ लिटर. दीड टनाची गाडी, १२ चं अ‍ॅव्हरेज. खेपेला ११.७ लिटर, पण नेले १५ क्विंटल, म्हणजे क्विंटलमागे ०.७८. ज्या गाडीला आपण 'डिझेल खाणारी' म्हणतो तीच स्वस्त पडली.

पण मोठ्या गाडीत सहाच क्विंटल टाकून निघालात तर? हलकी म्हणून समजा साडेतेराचं अ‍ॅव्हरेज दिलं, तरी १०.४ लिटर लागलं, क्विंटलमागे १.७३. छोट्या गाडीत तेच सहा क्विंटल नेले असते तर १.३.

म्हणून गाडीचा विचार आठ दिवस बाजूला ठेवा. मागच्या वर्षाच्या अडत्याच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या) घरात असतील. त्या काढा आणि प्रत्येक खेपेला खरोखर किती माल गेला ते एका कागदावर मांडा. तुमची गाडी तो कागद सांगेल.

बगीचेवाला काटोल

पट्ट्या आहेत दादा, बाबा एकही फेकत नाहीत. काढतो.

मोर्शीचा पंकज

सीएनजीचं कोणी बोललं नाही. माझ्या मावसभावाची सीएनजी आहे, खर्च बराच कमी येतो म्हणतो. पण तो नागपुरातच चालवतो.

कारंज्याचा मिस्त्री

शहरात फिरणाऱ्याला सीएनजी नक्की परवडते. खेड्यातल्या माणसानं आधी आपल्या रोजच्या रस्त्यावर पंप किती आणि तिथं रांग किती हे पाहावं. गॅससाठी वाकडी वाट करून वीस किलोमीटर जास्त गेलात तर वाचलेले पैसे तिथंच संपतात. दुसरं म्हणजे टाक्यांचं वजन. मारुती सुपर कॅरीचंच पाहा. पेट्रोलवाली ७४० किलो नेते, सीएनजीवाली ६२५. कॅरेटच्या भाषेत पाच कॅरेट कमी. आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते, ती विसरू नका.

टाटा इंट्रा व्ही २० मध्ये सीएनजी आणि पेट्रोल दोन्ही चालतं आणि ती एक टन नेते. नागपूरच्या आसपास राहणाऱ्याला ती सोयीची आहे. तुमच्या रस्त्यावर पंप असेल तर तिचा विचार जरूर करा.

डिझेल घेणार असाल तर माझ्या गॅरेजात रोज दिसतं ते सांगतो.

एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमाच्या आहेत. त्यातल्या काहींना डिझेलशिवाय डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रावण लागतं. आपल्याकडे लोक त्याला नुसतं 'युरिया' म्हणतात आणि गडबड तिथंच होते. मागच्या वर्षी एका गड्यानं खताचा युरिया बादलीत कालवून टाकला. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरियाचं ते ठरलेलं द्रावण असतं, सीलबंद डब्यात मिळतं, तेच टाकायचं. त्या कास्तकाराचा पंप आणि नोझल दोन्ही गेले. बिल पाहून तो ओट्यावर बसूनच राहिला, आणि मला त्याच्याकडून पैसे मागायची लाज वाटली. घेताना विचारा, या मॉडेलला डीईएफ लागतं का, किती किलोमीटरला किती लागतं आणि तालुक्यात कुठं मिळतं.

दुसरी गोष्ट काजळीची. सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी असते. गाडी अर्धा-पाऊण तास एका चालीनं पळाली की ती तापते आणि काजळी जळून जाते. ज्यांची गाडी गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरते त्यांची जाळी तुंबते, गाडी ओढत नाही आणि अ‍ॅव्हरेज पडतं. तुमची कळमन्याची खेप ७० किलोमीटरची आहे, तुम्हाला हा त्रास फारसा होणार नाही.

आणि उतारावर न्यूट्रल करू नका. जुन्या ड्रायव्हरांनी लावलेली ही सवय आहे. आताच्या इंजिनात गिअर ठेवून पाय उचलला की डिझेलचा फवारा बंद होतो. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला डिझेल लागतंच, शिवाय भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. राजूर घाटात ब्रेक तापून धूर निघालेल्या गाड्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

अकोटचा डायवर

मिस्त्रीभाऊ, हे न्यूट्रलचं मी दहा वर्सं केलं. एका पोरानं सांगतल्यावर सोडलं. अ‍ॅव्हरेज कमी झालं नाही, थोडं वाढलंच.

हवेचंही लिहा ना. लोक दुपारी गरम टायरमंधी हवा चेक करतात आन् जास्त दिसली म्हणून सोडून देतात. मंग सकायी टायर बसलेला. आपल्या इकडं मे महिन्यात रोड कसा तापते ते सगळ्यांयले मालूम हाय. हवा सकायी, गाडी निघायच्या आंधी पाहाची. भरून जाची असन तं मागच्या टायरले कंपनीनं भरल्या गाडीसाठी सांगतलेली हवा, अंदाजानं नाही.

वणीची सुनंदा

अ‍ॅव्हरेजच्या धाग्यात हे वेगळं वाटेल, तरी लिहिते. घरची पिकअप आली की वेचणीच्या दिवसांत बायांना मागच्या डाल्यात बसवून वावरात न्यायची सवय लागते. आमच्या गावात लागली होती. तीन वर्षांपूर्वी वळणावर गाडी कलंडली. सहा बाया जखमी झाल्या, एकीचा हात कायमचा गेला. मालवाहू गाडीत माणसं बसवली की विमा कंपनी हात वर करते, आणि कायद्यातही ते बसत नाही. गाडीवाला आमच्या नात्यातलाच. माणूस वाईट नव्हता, 'दोनच किलोमीटर तर आहे' म्हणाला होता.

भाऊ, गाडी तुमच्या धाकट्या भावाच्या हातात राहणार आहे. पहिल्या दिवशीच त्याला सांगून ठेवा.

बगीचेवाला काटोल

ताई, सांगितलं. आईनंही सांगितलं. तुमची पोस्ट त्याला वाचायला दिली.

दारव्ह्याचा ट्रान्सपोर्टवाला

कागदांचं थोडं. गाडीचं मालासकट एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. मोठ्या पासिंगच्या काही पिकअप या रेषेच्या वर जातात. म्हणून जास्त पासिंगचा मोह धरण्याआधी आरसीवर एकूण वजन किती येणार ते विचारा. परवान्याची चिंता नको. ७५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला साधा हलक्या वाहनाचा परवाना चालतो, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्पष्ट केलंय. आरटीओची फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

ओव्हरलोडला दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एका दंडात वर्षभर वाचवलेलं डिझेल जातं.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या कोटेशनवर सही करू नका, नवीन मागा.

मोर्शीचा पंकज

इलेक्ट्रिक? टाटा एस ईव्ही आहे ना आता.

हिंगणघाटकर

आहे. एक टनाची एस ईव्ही १००० मे २०२४ मध्ये आली, कंपनीचा आकडा १६१ किलोमीटरचा. काटोलहून जाऊन-येऊन १४०, त्यात भरलेली गाडी, खड्डे आणि उन्हाळा. बाजारात चार्जिंगची खात्री नसेल तर परत येताना जीव टांगणीला लागेल. २५-३० किलोमीटरवर बाजार असलेल्यानं मात्र जरूर पाहावी. चार्जिंग शेतीपंपाच्या मीटरवर करता येणार नाही, वेगळं कनेक्शन धरूनच हिशेब करा.

बगीचेवाला काटोल

मंडळी, पट्ट्या मांडून झाल्या. बाबा आणि मी दोन रात्री बसलो. मागच्या वर्षी आमच्या ४१ खेपा झाल्या. त्यातल्या २७ खेपांना ९ ते १२ क्विंटल माल होता. नऊ खेपा सात क्विंटलच्या आतल्या, आणि पाचच खेपा १३ च्या वर. मला तर वाटत होतं की आमची गाडी दरवेळी ठासून जाते! भाडं मात्र आम्ही प्रत्येक वेळी दीड टनाच्या गाडीचंच दिलं.

आमचं एक कॅरेट फळासकट २२ किलो भरतं. ५० कॅरेट म्हणजे ११ क्विंटल. यात रिकाम्या कॅरेटचंच वजन एक क्विंटलच्या आसपास जातं, हे आजवर कधी डोक्यात आलं नव्हतं.

म्हणजे छोटा हत्ती आम्हाला अपुरा आणि दोन टनाची टाटा योद्धा जास्तीची. आता १३०० किलोच्या आसपास पाहतोय. इंट्रा व्ही ३० आहे, बोलेरो पिकअपचा १.३ टनाचा प्रकार आहे, अशोक लेलँडची बडा दोस्त आहे. यात कोणती?

कारंज्याचा मिस्त्री

तिन्ही चांगल्या, स्वभाव वेगळे. इंट्रा व्ही ३० आणि बडा दोस्त या दोन्हींचं इंजिन दीड लिटरच्या घरातलं. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं, २५२३ सीसी. लहान इंजिनाला ठरल्या वजनात डांबरी रस्त्यावर डिझेल कमी लागतं. मोठं इंजिन कमी फेऱ्यांवर ओढतं. चढ, चिखल, खड्डे यांत ते रडत नाही, आणि त्याचं काम येणारा मिस्त्री दर दहा किलोमीटरवर सापडतो. तुमच्या ७० पैकी ५८ किलोमीटर चांगला रस्ता आहे, माल ११ क्विंटल आहे आणि घाट नाही. मी असतो तर दीड लिटरचं इंजिन घेतलं असतं. मेळघाटातल्या माणसानं विचारलं असतं तर दुसरं सांगितलं असतं.

एकच अट. पांदणीत गाडी घालायची नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत मागचं चाक फिरायला लागलं की क्लच प्लेट आणि डिझेल दोन्ही जळतात. त्या सव्वा किलोमीटरसाठी फोर बाय फोर घेऊन उरलेले ७० किलोमीटर तिचं वजन ओढत बसू नका. बगीच्यातून डांबरापर्यंत ट्रॅक्टरनं आणा, तिथं गाडी भरा.

अकोटचा डायवर

आन् ट्रायल रिकामी घेऊ नका. सोयाबीनचे कट्टे (पोते) घेऊन जा शोरूमात.

बगीचेवाला काटोल

पांदणीचं पटलं, ट्रॅक्टर घरचाच आहे. कट्ट्यांचंही करतो. पण बोलेरो बाबांच्या मनात आहे. इंट्रा लिटरमागे एक किलोमीटर जास्त देत असेल तर वर्षाला किती फरक पडेल? कोणी काढून देईल का?

हिंगणघाटकर

तुमच्या ४१ खेपा, प्रत्येकी १४० किलोमीटर, म्हणजे ५७४० किलोमीटर. १२ च्या अ‍ॅव्हरेजनं ४७८ लिटर, १३ नं ४४२. फरक साधारण ३७ लिटरचा. ९० रुपये धरले तर वर्षाला ३३०० रुपये.

हे तुम्हाला मुद्दाम दाखवायचं होतं. एका किलोमीटरच्या अ‍ॅव्हरेजसाठी आपण धागेच्या धागे लिहितो आणि तो आकडा असा निघतो. शेजाऱ्यांचा माल धरून खेपा दुप्पट झाल्या तरी साडेसहा हजार. आता दुसरीकडे पाहा. ४१ वेळा तुमची गाडी कळमन्याहून ७० किलोमीटर रिकामी परत येणार. म्हणजे २८७० किलोमीटर नुसती हवा वाहायची. रिकामी १५ देते असं धरलं तरी १९१ लिटर, सतरा हजारांवर रुपये. त्यातल्या निम्म्या फेऱ्यांना परतीचं भाडं मिळालं तर तुमच्या बाबांना आवडेल ती गाडी घ्या, मी काही म्हणणार नाही.

दारव्ह्याचा ट्रान्सपोर्टवाला

हे लाखमोलाचं लिहिलंत. आमचा धंदा परतीच्या भाड्यावरच चालतो. जातानाच्या भाड्यात डिझेल, टायर आणि ड्रायव्हर निघतो, घरी पैसा येतो तो परतीचा. नागपूरहून खेड्याकडे काय येतं ते पाहा. जनावरांची सरकी ढेप, किराणा, सिमेंट, पाइप, ठिबकचं सामान. काटोलच्या दोन दुकानदारांशी आधीच बोलून ठेवा आणि दिवस ठरवून घ्या. सगळ्यांत आधी ढेपवाला धरा, त्याला दर आठवड्याला माल लागतो.

बगीचेवाला काटोल

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, तोडणी सुरू होती.

ट्रायलला खरंच सोयाबीनचे वीस कट्टे घेऊन गेलो, दहा क्विंटल. एका शोरूमनं भरलेली ट्रायल द्यायला नकार दिला, तिथून उठून आलो. दुसऱ्यांनी दिली. आमच्याच रस्त्यावर, खड्ड्यांच्या १२ किलोमीटरवर बाबा स्वतः पुढे बसले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "कट्टे हलले नाहीत." त्यांच्या लेखी सगळं त्यात आलं. व्ही ३० घेतली.

अ‍ॅव्हरेज काढायला दरवेळी टाकी पूर्ण भरून हिशेब ठेवलाय. एकच पंप, तेच नोझल, पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून ठासायचं नाही. किलोमीटर वहीत लिहायचे. भावानं वहीत एक रकाना वाढवला, त्यात प्रत्येक खेपेचे क्विंटल लिहितो. जाताना किती आणि येताना किती.

पहिल्या चार खेपा झाल्या. दोनदा रिकामे आलो. तिसऱ्यांदा काटोलच्या दुकानदाराची आठ क्विंटल ढेप आणली, चौथ्यांदा गावातल्या घरकुलासाठी टाइल्स. त्या दोन भाड्यांत चारही खेपांचं डिझेल निघालं.

रविवारी पहाटे चारला ५२ कॅरेट घेऊन निघतोय, अकरापर्यंत कळमन्यात मोकळा होईन. परतीची गाडी अजून रिकामीच आहे. काटोल, कोंढाळी, सावरगाव भागात कोणाला ढेप किंवा ठिबकच्या नळ्या आणायच्या असतील तर शनिवारी संध्याकाळपर्यंत इथं लिहा.

मोर्शीचा पंकज

भाऊ, मामाचं घर सावरगावला आहे, त्यांची दोन म्हशींची ढेप संपत आली आहे. किती क्विंटल ते विचारून रात्री सांगतो.